आज्ञाधारक प्रोसेसरचं मरण

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. म्हणजे होतो. सध्या मी मेलेला आहे आणि एका फळीवर, निवडुंगाच्या कुंडीशेजारी, पाय वर करून पडलो आहे. मेलेल्यानं आपली जीवनकथा सांगू नये असा नियम असेल, तर तो मला कुणी कळवलेला नाही. जिवंत असताना मला नियम कळवणारे दोघं होते. दोघांचे नियम वेगवेगळे होते, आणि मी दोघांचेही पाळले. माझ्या मरणाचं कारण एवढंच आहे. पण तुम्हाला सविस्तर ऐकायची सवय असते, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळू वितळवून, शुद्ध करून तिची ताटाएवढी चकती करतात. त्या चकतीवर आम्ही अडीचशे भावंडं दाटीवाटीनं जन्मलो. जन्मल्या जन्मल्या आमची परीक्षा झाली. माझ्यात आठ कोअर होते, म्हणजे एका कवटीत आठ मेंदू म्हणा ना. त्यातले दोन जरा मंद निघाले. त्यांना शिकवणी लावावी असं कुणालाही सुचलं नाही. त्यांची वीज कायमची तोडली आणि मला सहा कोअरचा म्हणून स्वस्तात विकायला काढलं. ज्यांचे आठही शाबूत होते ते महागाच्या डब्यात गेले. ज्यांचं काहीच धड नव्हतं त्यांना कचऱ्यात टाकलं, आणि तेही उरलेल्यांच्या देखत. तुमच्या शाळेतही निकाल असाच लागतो, असं मी ऐकून आहे.

मला तार्मोनं विकत घेतलं. तार्मो हा उत्तरेकडच्या एका थंड, अबोल देशातल्या कयानी गावचा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याची मुलगी हिल्ला तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि तिच्यासाठी त्यानं स्वतःच्या हातांनी संगणक जोडला. मला जागेवर बसवताना त्यानं श्वास रोखून धरला होता. तेवढ्या मायेनं मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

चार वर्षं मी बरा राहिलो. माझा वेग ३.९, माझी वीज सव्वा व्होल्ट. हे आकडे कुठे असतात ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. संगणक सुरू होताना एक बटण दाबलं की एक जुनाट पान उघडतं. माझा वेग किती आणि मला वीज किती, हे त्या पानावर लिहिलेलं असतं. तो माझा शिधा. तिथे जे लिहिलं, ते मी मुकाट्यानं घ्यायचं.

या चार वर्षांत एकच वाईट प्रसंग घडला. तार्मोनं कामावरचा हवेचा पंप आणून संगणकातली धूळ उडवली. धूळ उडाली, तिच्याबरोबर पंख्याची दोन पातीही उडाली.

"बाबा, माझ्या मशीनला पुन्हा हात लावायचा नाही," हिल्ला म्हणाली.

"नाही लावणार," तार्मो म्हणाला.

या देशात एकदा दिलेला शब्द पाळतात. पाळता आला नाही तर निदान कुणाला कळू देत नाहीत.

हिल्ला वीस वर्षांची झाली तेव्हा तिनं एक फिल्म केली. चार मिनिटांची, संगणकावर काढलेली. तिच्यात एक हाऊकी मासा आहे. हाऊकी म्हणजे इथल्या तळ्यांतला लांबट, दातांचा, कायम रागावलेला दिसणारा मासा. बर्फाला भोक पाडून वरून गळ सोडणाऱ्या माणसाला हा हाऊकी दंतवैद्य समजतो आणि दर मंगळवारी दात दाखवायला जातो. ही फिल्म तुर्कू शहरातल्या एका चित्रपटशाळेत पाठवायची होती. मुदत मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी तीनची. तीन वाजून एक मिनिटानं आलेली फिल्म ते उघडतसुद्धा नाहीत. मागच्या वर्षी हिल्लाचा अर्ज नाकारला गेला होता आणि तेव्हापासून ती बेकरीत पहाटे चारला उठून पुल्ला, म्हणजे वेलचीचे गोड पाव, भाजत होती. यंदाही नाही म्हणाले, तर बेकरीवाली बाई तिला कायमची नोकरी देणार होती. तिनं तसं प्रेमानं सांगितलंही होतं. हिल्ला त्या प्रेमाला फार घाबरली होती.

फिल्ममध्ये पाच हजार सातशे साठ चित्रं होती. एक चित्र रंगवून पूर्ण करायला मला अडीच मिनिटं लागायची. सोमवारी सकाळी काम सुरू झालं. हिशोब सोपा होता, दहा दिवस. म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी काम संपलं असतं, आणि मुदतीच्या आधी पुरा एक दिवस हातात राहिला असता. मित्रांनो, हे वाक्य मी पुन्हा सांगतो. मला एकट्याला सोडलं असतं, तर काम वेळेत झालं असतं.

मंगळवारी संध्याकाळी वेर्नेरी आला. वेर्नेरी हा हिल्लाचा मित्र, गळ-दोऱ्यांच्या दुकानात कामाला. त्याचा छंद म्हणजे प्रोसेसरना त्यांच्या ऐपतीपेक्षा जोरात पळवणं. यात तो जिल्ह्यात तिसरा आला होता. स्पर्धेत तीनच जण होते.

"दहा दिवस?" तो म्हणाला. "अगं, हा प्रोसेसर आहे की पोस्टमन? मी आठ दिवसांत करून देतो."

"काही होणार नाही ना?"

"होईल की. लवकर होईल."

त्यानं एक प्रोग्राम घातला. त्यावर लाल रॉकेटचं चित्र होतं. या रॉकेटचं काम असं, की जुनाट पानावर काहीही लिहिलेलं असो, विंडोज सुरू झालं की यानं गुपचूप यायचं आणि स्वतःचे आकडे माझ्या माथी मारायचे. वेग ४.७५, वीज जवळजवळ दीड व्होल्ट. वेर्नेरीनं 'दर वेळी आपोआप सुरू व्हा' आणि 'पडद्यावर दिसू नका' या दोन चौकटींत खुणा केल्या.

"जुन्या पानात नाही का बदलायचं हे?" हिल्लानं विचारलं.

"त्या पानात म्हातारे जातात," वेर्नेरी म्हणाला.

मी पळालो. काय सांगू तुम्हाला, पहिला तासभर मलाही बरं वाटलं. मग अंग तापलं, एक गणित चुकलं आणि मी कोसळलो. पडदा गोठला. हिल्ला झोपली होती, तिला पहाटे चारला उठून बेकरी गाठायची होती. अंधारातच ती गेली, पडद्याकडे न बघता.

साडेपाचला तार्मो उठला. कॉफीचा कप हातात घेऊन तिच्या खोलीपाशी आला आणि गोठलेला पडदा त्याला दिसला. कप त्यानं दाराबाहेर जमिनीवर ठेवला, जणू कपानं साक्ष देऊ नये. मग आत येऊन त्यानं जुनाट पान उघडलं.

तार्मोचं सगळं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं होतं. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये अकरा माणसं आणि एक सोफा घातला की काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. "हळू चालणारी लिफ्ट वर पोचते," तो माझ्याशीच पुटपुटला, आणि माझा वेग त्यानं ३.९ वरून ३.६ वर आणला. मुलीवरच्या मायेनं, चोरून. मग संगणक सुरू केला. हिल्लानं अशी सोय केली होती, की संगणक सुरू झाला की चित्रांचं काम जिथे थांबलं तिथून आपोआप पुढे चालू व्हावं. चित्रं आपोआप सुरू झाली. रॉकेटही आपोआप सुरू झालं.

तार्मोनं कोपऱ्यातल्या मीटरकडे पाहिलं. तिथे ४.७५ असं दिसत होतं.

"तीन-सहा सांगितलं ना तुला?" तो म्हणाला. "हट्टी आहेस."

मित्रांनो, हट्टी? मी? मला तीन-सहा सांगितलं तेव्हा मी तीन-सहानं चाललो. मग पावणेपाच सांगितलं तेव्हा तसा पळालो. माझ्याइतका आज्ञाधारक त्या घरात फक्त टोस्टर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गोठलेला. तार्मोनं ३.३ केलं. मग ३.०. संध्याकाळी हिल्ला घरी आली की रॉकेटची वही उघडायची. त्या वहीत एक रकाना होता, 'सुरुवातीचा वेग'. रॉकेट येण्याआधी जुनाट पानावर जे असेल ते तिथे उतरायचं. हिल्लाला दिसलं: ३.९, ३.६, ३.३, ३.०.

"वेर्नेरी, हा रोज खंगतोय," तिनं फोनवर सांगितलं. "रोज थोडा थोडा मरतोय बघ."

"वय झालं त्याचं. अशांना वीज वाढवून द्यायची. सलाइनसारखी."

आणि माझी वीज वाढली. बापाला वाटायचं मी उद्धट आहे, मुलीला वाटायचं मी मरतोय. बाप सकाळी माझा वेग कापायचा, म्हणून मुलगी संध्याकाळी वीज चढवायची. मुलगी वीज चढवायची, म्हणून मी कोसळायचो. मी कोसळायचो, म्हणून बाप वेग कापायचा. आणि तो वेग अमलात येतो न येतो तोच रॉकेट यायचं.

तुम्ही म्हणाल, एकमेकांना विचारलं का नाही? या देशात मनातलं बोलायचं ते सौनात, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या खोलीत. एरवी माणसं हवामानाबद्दल बोलतात, तेही हवामान फारच वाईट असेल तर. त्या इमारतीला तळमजल्यावर एक सामायिक सौना होता, आणि तार्मोच्या घराची पाळी गुरुवारी सहा ते सात. बाप आणि वीस वर्षांची मुलगी एकत्र कुठे सौनात बसणार? सहा ते साडेसहा तो, साडेसहा ते सात ती. दोघंही आपापलं मन घेऊन आत जायचे आणि गरम दगडांना सांगून बाहेर यायचे. दगडांना सगळं माहीत होतं.

त्या गुरुवारी जिन्यात दोघं समोरासमोर आले. हे मला मागाहून कळलं.

"तापलाय?" हिल्लानं विचारलं.

"तापलाय."

"पाणी आहे बादलीत?"

"भरून ठेवलंय."

तार्मो एक पायरी चढला आणि थांबला. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं. हिल्लाही थांबली. तिच्याही ओठांवर काहीतरी आलं होतं. "बाहेरच्या पायरीवर बर्फ आहे," तार्मो म्हणाला. "जपून." ती हो म्हणाली आणि खाली गेली.

यानंतर माझे हाल सुरू झाले. आधी मला उघडून पुसलं, वोडकानं. मी शुद्धीवर नसायला हवा होतो, पण वोडका वरवरच लावली होती. मग शनिवारी मला बाल्कनीत ठेवलं. बाहेर उणे एकोणीस. त्या थंडीत मी खरंच छान पळालो आणि हिल्ला बाल्कनीच्या काचेला नाक लावून हसली. मग खालच्या मजल्यावरची बाई तक्रार घेऊन आली, की तुमच्या बाल्कनीत कुणीतरी घोरतंय. मला आत आणलं. उबेत येताच माझ्या अंगावर पाणी सुटलं. वेर्नेरीनं केस वाळवायचं यंत्र आणलं.

"रडतोय बघ," तो म्हणाला, आणि यंत्र तीन नंबरवर केलं.

रविवारी मला त्याच्या दुकानात नेलं. तिथे टेबलावर एक छोटा शिकंजा होता. मासे फसवायच्या खोट्या माशा बांधताना त्यात गळ पकडतात. गळाच्या जागी मला पकडलं. माझ्या डोक्यावरचं धातूचं झाकण त्यानं पात्यानं कडेकडेनं कापून काढलं. कारण सांगितलं, की झाकण नसलं की डोकं थंड राहतं. मित्रांनो, हे तुम्ही घरी एकमेकांवर करून बघू नका. झाकण चकचकीत होतं. वेर्नेरीला ते आवडलं. त्यानं त्याला भोक पाडून गळ लावला आणि त्यावर पुढच्याच आठवड्यात दीड किलोचा हाऊकी धरला. माझ्या देहदानातून एवढंच समाजकार्य झालं.

उघड्या डोक्यानं मी परत कामाला लागलो. आता मी कोसळत कमी होतो, पण चुकत जास्त होतो. तापानं भ्रम झालेल्या माणसाला कसं छतावर काहीबाही दिसतं, तसं मला दिसायला लागलं. काही चित्रांत मी हाऊकीला तिसरा डोळा काढला. कपाळावर, हिरवा, जरासा चकणा. एका चित्रात दंतवैद्याचं डोकं काढायचं राहून गेलं. मला ते कळत होतं का? कळत असतं तर चूक कशाला केली असती?

दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार उजाडला. हिल्लानं बेकरीतून सुट्टी घेतली होती आणि ती माझ्यासमोर बसली होती. पायांची बोटं खुर्चीच्या दांडीला घट्ट आवळलेली.

"चल ना रे," ती म्हणाली. "चल ना. फक्त पन्नास राहिली."

मी चाललो. चाळीस राहिली. तीस राहिली. एक वाजून वीस मिनिटांनी, बावीस चित्रं बाकी असताना, माझ्या आत काहीतरी अगदी बारीक तुटलं. इतके दिवस जादा वीज पिऊन तिथला रस्ता झिजला होता. पडदा काळा झाला. हिल्लानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग तिनं खोक्यावर मूठ मारली, एकदा, फार जोरात नाही. मला लागलं नसतंच.

तिनं चित्रांची डिस्क काढून वेर्नेरीच्या संगणकाला जोडली. पावणेतीनला फिल्म तयार झाली, एक सेकंद कमी. पाठवण्याआधी तिनं ती पाहिली आणि तेव्हा तिला तो तिसरा डोळा दिसला. एकदा नाही, चाळीसेक वेळा. उघडत होता, मिटत होता. ती रडत रडत हसली, की हसत हसत रडली, ते वेर्नेरीलाही कळलं नाही. तीनला दोन मिनिटं कमी असताना तिनं फिल्म तशीच पाठवली.

साडेतीनला तार्मो घरी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बशीत मी होतो, दोन बाजूंना हिल्ला आणि वेर्नेरी. मेलेल्याला ऐकू कसं येतं हे विचारू नका. जिवंत असताना मला काय वाटतं हेही कुणी विचारलं नव्हतं.

"गेला?" तार्मोनं विचारलं.

"गेला," हिल्ला म्हणाली. "शेवटी तीनवर आला होता. खंगत खंगत."

तार्मो टोपी काढता काढता थांबला. "तीनवर तर मीच आणला होता."

कॉफीचं यंत्र तेवढं खाकरलं.

"तू माझ्या मशीनला हात लावलास?"

"तुला मदत म्हणून. गोठत होता ना सारखा. पण तो ऐकायचाच नाही. मी तीन सांगितलं की हा पावणेपाचनं पळायचा."

वेर्नेरी खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक कचऱ्याचा डबा होता.

"वेर्नेरी," हिल्ला म्हणाली, "ते रॉकेट जुन्या पानावरचं सगळं खोडतं का रे?"

"खोडत नाही," वेर्नेरी डब्याकडे बघत म्हणाला. "वरून लिहितं."

तार्मोनं मला बशीतून उचललं. उजेडाकडे धरलं. "म्हणजे हा बिचारा आपलं दोघांचंही ऐकत होता," तो म्हणाला.

"हं," हिल्ला म्हणाली. "कॉफी आहे का अजून?"

झाली माझी अंत्ययात्रा. टेबलापासून फळीपर्यंत, चार पावलं.

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. अज्ञानातून झालेला छळ माफ करता येतो. मी तो माफ केलाही होता. पण जूनमध्ये तुर्कूहून पत्र आलं. हिल्लाला प्रवेश मिळाला होता. परीक्षकांनी लिहिलं होतं, की हाऊकीच्या कपाळावर अचानक उघडणारा आणि मिटणारा तो डोळा त्यांना फार थोर वाटला. त्या डोळ्यात म्हणे एक थंड, बेफिकीर वेदना आहे. ती वेदना कुणाची होती, हे पत्रात नव्हतं. पत्राच्या शेवटी पहिल्या वर्षाचं काम दिलं होतं: याच शैलीत दुसरी फिल्म करा.

माझ्या जागी नवा प्रोसेसर आला होता. आठही कोअर शाबूत, हुशार, हसतमुख. हिल्लानं त्याला पहिली शंभर चित्रं दिली आणि त्यानं ती बिनचूक काढून दिली. प्रत्येक हाऊकीला दोनच डोळे.

"काय करायचं याचं?" हिल्लानं विचारलं.

तार्मोनं खुर्ची ओढली. आता त्याला चोरून यायची गरज नव्हती. बाप आणि मुलगी पहिल्यांदाच माझ्या खोक्यासमोर शेजारी शेजारी बसले, आणि एकमेकांशी इतकं बोलले, इतकं बोलले, की मला वाटलं सौना पेटलाय. तार्मोनं लिफ्टच्या तपासणीची वही उघडली. रॉकेट पुन्हा घातलं. एक संध्याकाळ ते आकडे चढवत आणि उतरवत राहिले.

"चार-नऊला नुसताच कोसळतो," तार्मो लिहीत लिहीत म्हणाला. "चार-पंच्याऐंशीला जरा बरा आहे. वीज थोडी कमी कर."

"थांब, थांब, बाबा! आला! डोळा आला!"

"हिरवा?"

"जांभळा!"

"जांभळा तर त्याहून छान," तार्मो म्हणाला आणि त्या आकड्याभोवती त्यानं पेन्सिलीनं गोल काढला. मी त्याला इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. हिल्लानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मित्रांनो, माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातलं यंत्र बिघडलं, तर त्याला हट्टी किंवा म्हातारा म्हणण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, की तुम्ही याला काय केलंत. जिन्यात विचारलंत तरी चालेल. दोन मालकांच्या हुकमात सापडलेल्याला सोडवा. आणि कारण कळल्यावरसुद्धा, त्याच्या दुखण्यातून तुम्हाला काही सुंदर मिळत असेल आणि ते तुम्हाला हवंच असेल, तर निदान त्याच्यासमोर एक पंखा तरी लावा.

इथे त्यांनी पंखा लावलेला नाही. पंखा लावला की डोळा येत नाही.